पुढं निघून गेलेलं प्रस्थान

मैत्रिणींना भेटायला जर्मनीला जायचंय, असं गंधालीनं होळीच्या दिवशी पुरणपोळी खाता खाता सांगितलं, तेव्हा घरात कुणीही "नको" म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. एकदाच काय ते भांडण होऊन विषय मिटला असता. त्याऐवजी सगळ्यांनी एवढंच विचारलं, "पण कशाला?" आणि त्या प्रश्नानं पुढं वैशाख संपेपर्यंत कुणाला सुखाची झोप लागू दिली नाही.

"भेटायला," गंधाली म्हणाली.

"ते कळलं. पण कशाला?" जगन्नाथरावांनी पुन्हा विचारलं. जगन्नाथराव तिचे वडील. पाटबंधारे खात्यात असल्यामुळे उद्देश लिहिल्याशिवाय पाणीसुद्धा सोडायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

राजनंदिनी आणि कल्याणी या गंधालीच्या संभाजीनगरच्या होस्टेलमधल्या मैत्रिणी. तिघींनी एका खोलीत, एका इस्त्रीवर आणि मेसच्या एकाच डब्यावर दिवस काढलेले. त्या दोघी पुढच्या शिक्षणाला लाइपझिगला गेल्या. गंधालीचं आर्किटेक्चर लांबलचक, म्हणून ती मागं राहिली. आता पावसाळा लागला की त्या दोघींचीही तोंडं दोन दिशांना होणार होती, एकीला दुसऱ्याच गावात काम लागलं होतं. म्हणजे तिघींनी मिळून राहायचं तर हीच सुट्टी. पुढं लग्नं, नोकऱ्या, कोण कुठं. तिकिटापुरतं गंधालीनं नकाशे काढून स्वतःच कमावलं होतं, त्यामुळे खर्चाचा मुद्दाही कुणाला काढता येईना.

"कशाला" हे एका माणसानं मात्र विचारलं नाही. त्या म्हणजे सत्यशीलाबाई, जगन्नाथरावांची थोरली बहीण. खालच्या दोन खोल्यांत राहायच्या. जालन्याच्या निम्म्या व्यापाऱ्यांना त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे भाजीबाजारात अजूनही पोट सुटलेले गृहस्थ त्यांना बघून हातातली विडी मागं लपवायचे.

बाईंनी विचारलं नाही, कारण हा प्रश्न त्यांनी फार पूर्वी ऐकला होता. त्यांची मैत्रीण कौसल्या लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हा इथून तिथल्या काचीगुडा स्टेशनाला छोट्या रुळांची गाडी जायची. खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळसा जायचा. कौसल्या लिहायची, सुट्टीत ये. बाई वडिलांना विचारायच्या. वडील पान लावता लावता म्हणायचे, "लग्न आहे का? बारसं आहे का? मंग कशाला?" दर सुट्टीत हेच. पुढं पत्रं थांबली. कुणी थांबवली नाहीत, थांबली. हैदराबाद आहे तिथंच राहिलं आणि बाई पुढं काशी, रामेश्वर, एकदा तर शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाला भोपाळ असं सगळीकडं जाऊन आल्या, कारण त्या सगळ्या गावांना कारण होतं.

तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, ही पोरगी जाणार. आणि इथूनच सगळ्यांच्या हालाला सुरुवात झाली.

शेजाऱ्यांना गंधालीचं कारण पटेना, तेव्हा त्यांनी आपापली कारणं पुरवायला सुरुवात केली. समोरचे बन्सीलालजी डाळमिलवाले. ते म्हणाले, "जातेच आहे तर डाळ निवडायच्या मशीनचं बघून ये ना बेटा. जर्मनीची मशीन बिलकुल फस्कलास. फोटो काढून आण, रेट विचारून आण. मंग तेरा जाना भी सफल." त्यांच्या पत्नी संतोषबाईंना वाटलं, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तिकडं आहे आणि घरचे लपवून राह्यलेत. त्यांनी नीलाला, म्हणजे गंधालीच्या आईला, जिन्यात गाठून हळूच विचारलं, "मुलगा कोन्या समाजाचा आहे?"

नीला बँकेत होती. दिवसभर लोकांचे अंगठे आणि सह्या जुळवून ती घरी यायची आणि मग जिन्यातल्या या चौकशांना तोंड द्यायची. ती दमून म्हणाली, "मुलगा न्हाई हो, दोन मुली आहेत." हे ऐकून संतोषबाई जास्तच गप्प झाल्या.

मग व्हिसा. मुंबईच्या कचेरीत काचेपलीकडच्या बाईनं उद्देश विचारला. "मैत्रिणींना भेटणं," गंधाली म्हणाली. बाईनं अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग सांगण्यात आलं की बाकी सगळं ठीक, पण मुलगी परत येईल याचा काही पुरावा जोडा.

मुलगी परत येईल याचा पुरावा! जगन्नाथराव हे ऐकून खुर्चीत बसले ते उठेचनात. लग्न करून दिलेली मुलगी परत येणार नाही याचे पुरावे आपल्याकडे पुष्कळ. उलटा पुरावा कुणी आजवर मागितलाच नव्हता.

त्या संध्याकाळी गच्चीवर सभा भरली.

"सोपं आहे," बन्सीलालजी म्हणाले. "सगाई करून टाका. सगाई झालेली छोरी जाऊन जाऊन कुठं जाईल?"

"कुणाशी?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"ते नंतर बघू ना. आधी कागद तर होऊ द्या."

नीलानं यावर अर्धा दिवस विचार केला, असा गंधालीचा आरोप आहे. नीलाला तो मान्य नाही.

शेवटी अर्जाला जमिनीचा कागद लावायचं ठरलं. ज्याची जमीन, तो परत येतो, हे साऱ्या जगाला कळतं. जगन्नाथरावांची पिंपळगाव रेणुकाईला वडिलोपार्जित जमीन होती. होती म्हणजे, उताऱ्यावर होती. त्या उताऱ्यावर इतके चुलतभाऊ होते की वाटणी केली तर प्रत्येकाला उभं राहायला जागा मिळाली असती, बसायला नाही. उतारा काढायला जगन्नाथराव उन्हातान्हात गेले. पहिल्यांदा गेले तर साहेब मीटिंगला गेल्ते. दुसऱ्यांदा गेले तर साहेब होते, मशीन बंद होतं. तिसऱ्यांदा दोन्ही चालू होतं आणि गावात वीज नव्हती. तेवढ्यात चुलतभावांना सुगावा लागला. जगन्नाथ उतारा काढतोय म्हणजे जमीन विकतोय, असं धरून सगळे एकदम जालन्याला आले, जेवले, आणि गंधाली परदेशी चाललीय हे कळल्यावर "पण कशाला?" असं विचारून परत गेले.

व्हिसा मिळाला. कशामुळे मिळाला ते कुणालाच कळलं नाही. जगन्नाथराव म्हणाले उताऱ्यामुळे. नीला म्हणाली बँकेच्या पत्रामुळे. बन्सीलालजींनी गणपतीला नारळ बोलला होता. बाईंचं म्हणणं असं की काचेपलीकडच्या बाईला कधीतरी एक मैत्रीण असणार.

कॉलनीच्या मित्रमंडळानं लगेच चौकात फ्लेक्स लावला. "कु. गंधाली हिच्या जर्मनी दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा." त्यावर शुभेच्छुकांचे फोटो हातभर मोठे होते आणि गंधालीचा फोटो खाली कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या पत्त्याशेजारी. ती परीक्षेसाठी होस्टेलवर होती म्हणून वाचली.

आणि मग नीलानं दिनदर्शिकेचं पान उलटलं.

निघायच्या दिवसाच्या चौकोनात काळा ठिपका होता. अमावस्या. पोरीनं तिकीट काढताना विमान बघितलं, गाडी बघितली, चंद्र बघितला नाही.

"न्हाई," नीला म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरात कुणीतरी स्वच्छ "न्हाई" म्हणालं. "एकटी पोरगी, सातासमुद्रापार, आणि अमावस्येला उंबरा ओलांडणार? मी न्हाई पाठवत. तारीख बदला न्हाईतर तिकीट रद्द करा."

तारीख बदलत नव्हती. व्हिसा मोजक्याच दिवसांचा होता. जगन्नाथरावांनी समजावलं, गंधाली फोनवर रडली, पण नीला ढिम्म. बँकेत जिचं दिवसभर कुणी ऐकत नाही ती बाई घरात एकदा ठाम झाली की मोठं अवघड होऊन बसतं.

सत्यशीलाबाई त्या दुपारी आपल्या खोलीत पंख्याखाली पडून होत्या. अमावस्या कशी होते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना दिवा, चेंडू आणि लिंबू घेऊन शिकवलेलं. लिंबू म्हणजे चंद्र. त्या लिंबावर एवढा विश्वास असतानाही नीलापुढं लिंबू चालणार नाही, हे त्यांना कळत होतं. आणि मग त्यांना वडिलांची आठवण झाली. वडील कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे तेव्हा तारीख कोर्टाची, तिला मुहूर्त कुठला असणार? मग आधीच्या चांगल्या दिवशी आई एका पंच्यात सुपारी, हळकुंड आणि वडिलांचा एक कपडा बांधून शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवायची. झालं. माणूस घरी बसून भाकरी खात असला तरी प्रवासाला निघालेला, असं धरायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. पुढं मग कुठल्याही दिवशी जा, शेजाऱ्यांकडून ते गाठोडं उचला आणि चालू लागा.

बाईंना जुन्या माणसांचं कौतुक वाटायचं ते यासाठी. त्यांनी नियम केले तशा पळवाटाही करून ठेवल्या.

"आपण प्रस्थान ठेवू," त्यांनी नीलाला सांगितलं. नीलाचा चेहरा एकदम सुटला. हे तिच्या आजीकडंही होतं. जगन्नाथराव तेवढे म्हणाले, "ताई, तू विज्ञानाची बाई असून!" त्यावर बाई म्हणाल्या, "विज्ञानाची आहे म्हणूनच. अडलेलं काम कमीत कमी जोर लावून सोडवायचं."

गुरुजींना फोन केला. गुरुजींनी दिवस काढून दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, प्रवाशाला ज्याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही अशी वस्तू प्रस्थानात ठेवावी. आणि दुसरी, एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणू नये. ते पुढंच जातं. मागं आलं की प्रवास मोडला.

शुभ दिवशी सकाळी नीला आणि बाई एक निळी कापडी पिशवी घेऊन समोर बन्सीलालजींकडं गेल्या. संतोषबाईंनी ती देवघरात पाटावर ठेवली. त्यांच्यातही ही पद्धत होती, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच तिला कुंकू लावलं, वर नारळ ठेवला. बाईंना फार बरं वाटलं. आपण एक जुनी, शहाणी रीत या फ्लेक्सच्या काळात जिवंत ठेवली, असा थोडा अभिमानही वाटला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी संतोषबाई खालून जाता जाता म्हणाल्या, "बाई, भावाकडं तीर्थपुरीला जाऊन राह्यलो. पुतणीची सगाई आहे." बाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "सावकाश या."

निघायचा दिवस उजाडला. दुपारची मुंबईची गाडी होती, दुसऱ्या दिवशी विमान. जगन्नाथराव मुंबईपर्यंत सोडायला जाणार होते. गंधालीची सुटकेस तयार होती. उन्हानं गच्चीवरचा डांबरी कागद वितळायला लागला होता.

"आई, पासपोर्ट दे," गंधाली म्हणाली.

"प्रस्थानात आहे," नीला शांतपणे म्हणाली.

"काय?"

"प्रस्थानात. पिशवीत. गुरुजींनी सांगितलं न्हाई का, ज्याच्यावाचून पाऊल टाकता येत न्हाई ते ठेवा? तुला पासपोर्टावाचून टाकता येतं का?"

गंधालीनं आत्याकडं पाहिलं. बाईंना वाटलं होतं, पिशवीत पोरीची एखादी ओढणी असेल. त्या चपला घालून समोर गेल्या. बन्सीलालजींच्या दाराला कुलूप होतं. डाळमिलवाल्याचं कुलूप, नारळाएवढं.

बन्सीलालजींना फोन लागला तेव्हा मागं बँड वाजत होता. "पिशवी? हां हां, बिलकुल सेफ! फिकर नॉट!" मग फोन संतोषबाईंकडं गेला.

"अहो संतोषबाई, पिशवी घरात आहे ना? किल्ली कुणाकडं आहे?"

"बंद घरात प्रस्थान ठेवतात का बाई?" संतोषबाईंना धक्काच बसला. "दिवाबत्ती कोन करनार? अंधारात ठेवलं तर मुसाफिराचा रस्ता बंद होतो. मी संग घेऊन आली ना तीर्थपुरीला."

बाईंनी डोळे मिटले. "बरं. मग आता तीर्थपुरीला आहे."

"इथं कुठं? आज छोरीचा दिवस ना जायचा! इथं ठेवून कसं चालंल? सकाळीच पुढं बढवलं. भावाच्या मोसंबीच्या गाडीत घातलं, शहागडला भागवतच्या हॉटेलावर उतरवायला सांगितलं. हायवेवरच आहे, आमच्या भावाकडचे मुंबईच्या ट्रॅव्हल्समध्ये तिथंच बसतात. मुंबईला जाता जाता छोरी उचलून घेईल. तुम्ही ट्रॅव्हल्सनंच जाऊन राह्यले ना?"

"रेल्वेनं," बाई म्हणाल्या.

बँड थांबला. "रेल्वेनं?" संतोषबाई म्हणाल्या. "आमच्यात सगळे ट्रॅव्हल्सनंच जातात."

भागवतचा नंबर मिळाला. हॉटेलवाला भागवत मोठा समजूतदार माणूस. "आलंय की तुमचं पार्सल. मी असं करतो, आत्ता जालन्याची एसटी येऊन राह्यली, तिच्यात टाकून देतो. तुम्ही स्टँडवर घ्या. काम खतम." जगन्नाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते "हो" म्हणणार तोच नीलानं फोन हिसकावून घेतला.

"न्हाई! मागं न्हाई पाठवायचं!"

"नीला, अगं गाडी चुकेल!"

"चुकू द्या. प्रस्थान मागं आलं की प्रवास मोडला. मी आधीच सांगितलं होतं, अमावस्येला नको. तुम्ही सगळ्यांनी मिळून हे काढलं. आता काढलंय तर नीट पाळा. न्हाईतर ती घरीच राहील."

जगन्नाथरावांनी बहिणीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बाईंकडं आयुष्यात वर्गात कुणी असं बघितलं नव्हतं. पळवाट काढताना ती कुठं निघते हे बघून घ्यायला पाहिजे होतं, एवढंच त्यांना त्या घटकेला सुचलं आणि ते बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

"चला," गंधाली सुटकेस उचलून म्हणाली. "ते येत नसेल तर मी जाते तिकडं."

कारभारी नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरची जीप मिळाली. त्यानं आधीच सांगितलं, "संध्याकाळी मला वरात हाय. नवरदेव माझ्याच गाडीत बसायचाय. चारच्या ठोक्याला म्या मागं फिरणार." जगन्नाथरावांनी हिशेब केला: शहागडला पिशवी उचलायची, तशीच जीप संभाजीनगरला न्यायची, आणि रेल्वे तिथं पोचायच्या आत स्टेशन गाठायचं. कागदावर जमत होतं. खात्यातल्या कालव्यांचं पाणीही कागदावर शेवटच्या शेतापर्यंत पोचायचं.

अंबडच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. कारभारी म्हणाला, "दोन साल झाले चालूच हाय." जीपमध्ये उन्हाच्या झळा शिरत होत्या. नीला रामरक्षा म्हणत होती. मध्येच जगन्नाथरावांचा फोन वाजला. कॉलनीच्या मित्रमंडळाला कुणी कळवलंच नव्हतं. सगळे हार घेऊन जालना स्टेशनावर हजर होते.

"काका, गाडी आली. डबा कोणता?"

"अरे, आम्ही शहागडच्या रस्त्याला आहोत."

"गाडी थांबली काका."

"ऐक तरी..."

"गाडी गेली काका." मग बराच वेळ गर्दीचा आवाज आला. "आता हारांचं काय करायचं?"

"तुम्हीच घाला," जगन्नाथराव म्हणाले आणि फोन ठेवला. गंधालीनं ओढणीत तोंड लपवलं. हसते की रडते ते बाईंना कळेना. त्यांनी नुसता हात तिच्या पाठीवर ठेवला.

भागवतचं हॉटेल गोदावरीच्या पुलाअलीकडं, ट्रकांच्या रांगेत. समोर एक बाज, वर पत्रा. "पिशवी?" जगन्नाथरावांनी उतरता उतरता विचारलं. भागवतनं बोट दाखवलं. माळ्यावर एक गोणी होती. भरलेली, सुतळीनं शिवलेली.

"ही न्हाई. निळी कापडी पिशवी."

"आत आहे जी ती. रिकामं कसं पुढं जाऊ द्यायचं?" भागवत म्हणाला. "पाव्हण्याच्या वाटेचं हाय न ते."

ज्या ज्या दारावरून प्रस्थान गेलं होतं, तिथं तिथं त्यात काही ना काही घातलं गेलं होतं. संतोषबाईंचे पापड आणि सांगरीच्या वाळवलेल्या शेंगा. तीर्थपुरीच्या सगाईतले बुंदीचे लाडू. मोसंबीच्या ट्रकवाल्यानं पोरगी परदेशी चालली म्हणून निवडून निवडून मोसंबी. आणि भागवतनं स्वतः कांदे. "तिकडं कांदा गोड असतो म्हणतात," तो म्हणाला.

"सरका, मी काढतो," जगन्नाथराव म्हणाले.

नीला म्हणाली, कारभारीला काढू द्या. भागवत म्हणाला, थांबा, मी पोराला बोलावतो. पण सकाळपासून ज्या माणसाचं कुणीच ऐकलं नव्हतं, त्यानं गोणीला मिठी मारली, ओढली, आणि तो अर्ध्या वाटेत तसाच थांबला. वाकलेला. गोणी अंगावर, तोंड उघडं, आवाज नाही. मग आवाज आला तो पुलाच्या पलीकडं ऐकू गेला असणार.

कंबर धरली होती. चौघांनी मिळून त्यांना बाजेवर आडवं केलं. बाजेच्या दुसऱ्या टोकाला गंधालीनं गोणी उसवली आणि एक एक वस्तू बाहेर काढत गेली. लाडू, पापड, कांदे, मोसंबी. ट्रकवाले चहा घेऊन भोवती उभे राहिले. तळाशी निळी पिशवी, पिशवीत सुपारी, हळकुंड आणि पासपोर्ट. कव्हरवर हळद-कुंकू, आणि त्याला पापडखाराचा वास येत होता. आत व्हिसा होता. गंधालीनं तो छातीशी धरला आणि बाजेच्या कडेलाच बसली.

"चला म्हाराज," कारभारी म्हणाला. "माझी वरात."

आता जमाखर्च असा झाला. जगन्नाथरावांना बसता येत नव्हतं. त्यांना मागच्या सीटवर आडवं करून जालन्याला न्यायचं, डॉक्टर गाठायचा. त्यांच्याबरोबर नीला हवीच. म्हणजे जीप मागं जाणार. आणि रेल्वे तर केव्हाच पुढं गेली होती.

"मुंबईच्या ट्रॅव्हल्सला हात दाखवतो की," भागवत म्हणाला. "बीडकडून येऊन राह्यल्यात आता एकामागं एक. सकाळच्याला मुंबईत."

"एकटी?" नीला म्हणाली.

"आई, मी एकटी जर्मनीला चाललेय."

"ते विमान आहे. ही ट्रॅव्हल्स आहे." आता नीला हट्ट करत नव्हती. खरंच घाबरली होती. "एकटीला रातच्या बसमध्ये न्हाई बसवणार मी. काही झालं तरी न्हाई. राहू दे, गंधाली. राहू दे हे आता. पुढच्या सुट्टीत जा."

बाजेवरून जगन्नाथराव काहीतरी म्हणाले, पण ते कण्हण्यात गेलं. गंधाली पासपोर्टावरचं कुंकू ओढणीच्या टोकानं पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली.

पुलावरून एक ट्रॅव्हल्स उतरली. भागवतनं हात केला. दार उघडलं, क्लीनर लटकत म्हणाला, "मुंबई, मुंबई, चला, जल्दी. मागं सीटा हायेत."

सत्यशीलाबाई सकाळपासून त्याच घरातल्या साडीत होत्या. समोरून पिशवी आणायला म्हणून ज्या चपला घातल्या होत्या, त्याच पायांत होत्या. हातात चष्म्याची डबी आणि फोन, बाकी काही नाही. गुडघे दुखत होते, डोकं उन्हानं भणभणत होतं, आणि घरी जाऊन पंख्याखाली पडावं असं त्यांना फार मनापासून वाटत होतं. त्या उठल्या आणि क्लीनरला म्हणाल्या, "हात दे रे. पायरी उंच आहे."

"ताई!" नीला ओरडली. "तुम्ही कुठं?"

"हिच्याबरोबर. विमानात बसवते आणि येते."

"असं कसं? कपडे न्हाईत, गोळ्या न्हाईत. अहो, आज अमावस्या आहे, तुमचं तर काहीच ठेवलेलं न्हाई!"

"नीला, एकटी पाठवणार न्हाईस म्हणालीस ना? मग आता एकटी न्हाई. सुटकेस वर दे."

नीलानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग तिनं स्वतःच सुटकेस ढकलली, गंधालीचा गालगुच्चा घेतला, आपली पर्स बाईंच्या हातात कोंबली, आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. दोघी वेगवेगळा करा."

"आणि हे?" भागवतनं गोणीकडं बोट दाखवलं. तिला मागं नेता येत नव्हतं आणि विमानात घेता येत नव्हतं. "असू द्या," तो म्हणाला. "पुढच्या गाडीत टाकतो." कुठल्या गाडीत, कुणासाठी, हे विचारायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. ती गोणी अजूनही कुठंतरी पुढं पुढं जातच असेल, आणि चांगली ट्रकभर झाली असेल.

बस हलली. मागच्या सीटवर स्प्रिंग टोचत होती आणि पुढच्या पडद्यावर मारामारीचा सिनेमा चालू होता. गंधालीनं थोडा वेळ आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग एकदम उठून बसली आणि लाइपझिगला फोन लावला.

"निघाले," ती म्हणाली.

फोनमधून दोन मुली एकदम किंचाळल्या. मग तिघीही एकाच वेळी बोलायला लागल्या, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मध्येच कुणीतरी हसायला लागली आणि तिघींचंही हसू आवरेना. शहागडची गोणी, बाबांची कंबर, स्टेशनावरचे हार, गंधालीला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. बाईंनी चपला काढून पाय सीटखाली लांब केले. कान दुखत होते, पण त्यांनी हळू बोल असं काही सांगितलं नाही.

पुढच्या सीटवरचे गृहस्थ दचकून मागं वळले. "काय झालं हो? कुणाचं काय झालं?"

"काही न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मुली बोलून राह्यल्यात."